चुकीच्या पत्त्यांची आवक

नेत्रशस्त्रक्रिया पूर्वनोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर येणाऱ्या दर दहा माणसांपैकी सहा माणसे पत्ता चुकीचा टाईप करतात, ही बाब एका मंगळवारी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी प्रथम निदर्शनास आली. त्याआधी ती चार वर्षे घडत होती. पण निदर्शनास आलेली नव्हती, त्यामुळे अधिकृतरीत्या घडतही नव्हती.

कारण फारसे गूढ नव्हते. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी नंबर लावायला जी माणसे येतात, त्यांना मोतीबिंदू झालेला असतो. फोनवरची अक्षरे त्यांना दिसत नाहीत. बोट एका अक्षरावर ठेवावे तर शेजारचे उमटते, एखादे दोनदा उमटते, एखादे उमटतच नाही. मग पांढऱ्या पडद्यावर फिकट करड्या अक्षरांत 'पान सापडले नाही' असे येते. तेही त्यांना दिसत नाही. ती पान उघडण्याची वाट बघत बसतात. एका निवृत्त ड्रायव्हरने अशी पावणेदोन तास वाट पाहिली आणि शेवटी फोन दुरुस्तीला टाकला.

ही बाब निदर्शनास आणून देणारा माणूस कार्यालयाचा सर्व्हर सांभाळत असे. सर्व्हर सांभाळणाऱ्याचे पद कार्यालयात मंजूर नव्हते, वायरमनचे होते. म्हणून त्याला वायरमन म्हणून नेमले होते आणि वायरमन म्हणूनच हाक मारत. सर्व्हर होता वॉशबेसिनशेजारच्या लोखंडी कपाटात. वातानुकूलन यंत्र अधिकाऱ्यांसाठी मंजूर असल्याने सर्व्हरच्या अंगावर एक टेबलफॅन सोडलेला असे. धूळ बसू नये म्हणून वर कापडी खोळ होती, आणि खोळीला हवेसाठी ओळीने चौदा काजे होती. ती खोळ वायरमनच्या आत्याने शिवली होती.

आत्या काजे करते. शिंपी शर्ट शिवतात, बटणे लावतात, पण हाताने काजे करणारे आता मोजकेच उरलेत. तीन दुकानांची कापडे तिच्याकडे येतात. वायरमनला तिनेच वाढवले. गेल्या वर्षापासून तिला उजव्या डोळ्याने फक्त उजेड आणि अंधार एवढेच कळते आणि डावा डोळाही त्याच वाटेवर आहे. डॉक्टर म्हणाले होते, "तीन महिन्यांच्या आत करून घ्या. पुढे मी काही सांगू शकत नाही." आणि नंबर लागतो फक्त संकेतस्थळावर.

वायरमनने नोंदणीचे पान जीव ओतून केले होते. अक्षरे बोटभर मोठी, आणि प्रत्येक ओळ मोठ्याने वाचून दाखवणारा आवाज. एकदा पानावर पोचले की आंधळ्यालाही अर्ज भरता येईल. अडचण फक्त दारापर्यंत पोचण्याची होती.

"दे इकडे, मी टाकतो पत्ता," तो म्हणाला.

"हात लावू नकोस. तुझ्याच हापिसचा नियम आहे ना? पत्ता टाकण्यापासून 'पाठवा' दाबेपर्यंत सगळं अर्जदाराने स्वतः करायचं, नाहीतर अर्ज बाद. तूच वाचून दाखवलास."

"कोण बघतंय, आत्या?"

"मी बघतेय," आत्या म्हणाली. "जेवढं दिसतंय तेवढं."

तीन दिवसांत तिने अकरा वेळा पत्ता टाकला आणि अकराही वेळा वेगळा टाकला. चौथ्या दिवशी, म्हणजे त्या मंगळवारी, वायरमनने टिप्पणी सादर केली. सर्व्हरच्या मांडणीत, म्हणजे त्याला दिलेल्या सूचनांत, तीन ओळी घालायच्या. पत्त्यात एखाददुसरे अक्षर इकडेतिकडे झाले तर सर्व्हरने जवळचे बरोबर पान शोधावे आणि माणसाला मुकाट तिथे नेऊन सोडावे. खर्च शून्य, वेळ चार मिनिटे.

चार मिनिटांत होणाऱ्या कामाबद्दल कोणत्याही कार्यालयाला संशय येतो. कार्यालयप्रमुख मॅडमनी वायरमनला दालनात बोलावले. सोबत हेडक्लार्क होते. त्यांना सगळे माघारी 'परिशिष्ट' म्हणत, कारण ते कुठल्याही गोष्टीच्या शेवटी असत आणि त्यांच्याशिवाय ती पुरी होत नसे.

"सर्व्हरने जवळचं पान शोधायचं," परिशिष्टांनी टिप्पणी वाचली. "म्हणजे नागरिकाच्या मनात काय होतं, ते त्याने ओळखायचं?"

"तसं म्हणा."

"मॅडम, हा स्वेच्छाधिकार झाला. माझी सत्तावीस वर्षं नोकरी झाली, मला अजून स्वेच्छाधिकार नाही. वॉशबेसिनशेजारच्या डब्याला कसा देणार?"

मॅडमचे लक्ष दुसरीकडेच होते. "हे 'सापडले नाही' आपण कुणाच्या सहीने कळवतो?"

"सही नसते, मॅडम. सर्व्हर आपोआप सांगतो. चारशे चार म्हणतात त्याला."

"चारशे चार हे कुठलं परिपत्रक?"

"परिपत्रक नाही. जगभर तसंच आहे."

"मग जगाच्या आदेशाची प्रत नस्तीला लावा," मॅडम म्हणाल्या. "आणि एक लक्षात ठेवा. या कार्यालयाने आजवर कुणालाही लेखी 'नाही' म्हटलेलं नाही."

हे शब्दशः खरे होते. कार्यालय 'विचाराधीन आहे' म्हणे, 'यथावकाश' म्हणे, 'आपले पत्र योग्य त्या विभागाकडे पाठवले आहे' म्हणे. माणसे विचाराधीन अवस्थेत वारली होती, पण नकार घेऊन कुणीही गेलेले नव्हते. आणि इथे एक डबा चार वर्षे, दिवसाला शेकडो माणसांना, कुणालाही न विचारता 'नाही' सांगत होता.

तोडगा परिशिष्टांनी काढला, आणि तो अगदी साधा होता. जे बाहेरून कार्यालयात येते ते आवक. पत्ता बाहेरून येतो. चुकीचा असला म्हणून तो आवक नाही असे कुठल्याही नियमात लिहिलेले नाही. सबब, प्रत्येक चुकीच्या पत्त्याला आवक क्रमांक द्यावा, पोच द्यावी आणि सात दिवसांत निपटारा करावा.

वायरमनच्या तीन ओळी नामंजूर झाल्या. त्याऐवजी त्याच्याकडून दोनशे दहा ओळी लिहून घेतल्या. आता पत्ता चुकला की पडद्यावर येई: 'आपण टाईप केलेला पत्ता या कार्यालयास प्राप्त झाला आहे. त्याची दखल घेण्यात येत आहे.' खाली आवक क्रमांक, आणि त्याखाली एक बटण: 'समाधानी'. ते दाबल्याशिवाय पान बंद होत नसे.

"शेजारी 'असमाधानी' ठेवूया का?" वायरमनने विचारले होते.

"ठेवता येईल," परिशिष्ट म्हणाले, "पण ते कुणी दाबलं तर ते घ्यायला वेगळं टेबल लागेल. टेबल मंजूर आहे का?"

टेबल मंजूर नव्हते. पहिल्याच आठवड्यात नागरिकांचे समाधान शंभर टक्के भरले. ही पोच अंधांनाही कळावी म्हणून नोंदणीच्या पानावरचा आवाज काढून तिला जोडण्याचा आदेशही त्याच आठवड्यात निघाला.

म्हणून वायरमन एका संध्याकाळी घरी आला तेव्हा आत्या दारातच उभी होती.

"नंबर लागला रे! बाईने स्वतः सांगितलं. अकरा हजार चारशे दोन. तिन्ही दुकानांत सांगून आले, पुढचा महिना काजं मिळणार नाहीत, डोळ्याला पट्टी असेल."

वायरमनने चप्पल काढली, पुन्हा घातली, पुन्हा काढली.

"आत्या, तो नंबर डोळ्याचा नाही. चुकीचा आहे."

"नंबर चुकीचा?"

"नंबर बरोबर आहे. चुकीचा नंबर आहे. म्हणजे, तू पत्ता चुकीचा टाकलास, त्या चुकीचा."

आत्या खुर्चीवर बसली. "चुकीलाही नंबर देता तुम्ही?"

"हो."

"आणि बरोबर टाकणाऱ्याला?"

"त्याला अर्ज भरावा लागतो."

"मग चुकणाऱ्याचं बरं चाललंय," आत्या म्हणाली आणि काजे मिळतील असे कळवायला तिन्ही दुकानांना फोन लावायला सांगितले.

इकडे आवक वाढत होती. चुकीचे पत्ते छापून काढण्यासाठी एक, नस्तीत लावण्यासाठी एक आणि अभिप्रायासाठी तीन, असे पाच लिपिक शस्त्रक्रियेच्या तारखा देणाऱ्या विभागातून काढून आणले. त्यामुळे तारखा मिळणे थांबले, पण तारखा मागणारे बहुतेक जण पानापर्यंत पोचतच नसल्याने ते कुणाला जाणवले नाही. आत्याच्या पत्त्यावरचा अभिप्राय वायरमनने स्वतः वाचला. 'सदर नागरिकास नोंदणीचे पान हवे असावे असे दिसते. तथापि, असावे असे दिसते यावर कार्यवाही करता येत नाही. नागरिकाने नेमका हेतू कळवावा. त्यासाठीचे पान संकेतस्थळावर उपलब्ध आहे.'

असा दीड महिना गेला. मग मॅडमना एक उत्तम कल्पना सुचली. एवढी जनता एवढे पत्ते पाठवते आहे, त्यातून जनतेला काय हवे आहे हे तरी कळू द्या. जी पाने लोक मागतात ती आपल्याकडे नाहीत, म्हणून तर ती सापडत नाहीत! परिशिष्टांनी वर्गवारी केली आणि हर्षभरित होऊन दालनात आले.

"मॅडम, सगळ्यात जास्त मागणी 'प्रशासकाचे प्रवेशद्वार' या पानाला आहे. एका आठवड्यात एकोणचाळीस हजार. त्याखालोखाल 'पासवर्डांची यादी'. एकतीस हजार."

"लोकांना प्रशासनात इतका रस आहे?"

"रस कसला, तळमळ आहे. सुट्टीच्या दिवशीसुद्धा मागतात. एक नागरिक तर मिनिटाला चारशे वेळा दार ठोठावतो. आणि परदेशातूनही मागणी आहे."

वायरमनला बोलावून अभिनंदन करण्यात आले. तो म्हणाला, "मॅडम, ही माणसं नाहीत. चोरांनी सोडलेले प्रोग्रॅम आहेत. जगातल्या प्रत्येक सर्व्हरची दारं ते हलवून बघतात, एखादं उघडं सापडतंय का म्हणून."

"चोर?" परिशिष्टांचा चेहरा दुखावला. "पुरावा?"

"मिनिटाला चारशे वेळा कुठला माणूस टाईप करतो?"

"गरजू माणूस," परिशिष्ट म्हणाले.

"नागरिकाला चोर म्हणणं आपल्या सनदेत बसत नाही," मॅडम म्हणाल्या.

"मग निदान आपल्या मोतीबिंदूवाल्यांचं तरी बघा. दिवसाला सहा-सातशे चुकीचे पत्ते त्यांचे असतात."

परिशिष्टांनी कागद उलटला. "असतात. पण प्रत्येकाचा पत्ता वेगळा. एकाची एक मागणी, दुसऱ्याची दुसरी. आपला निकष हजारच्या वरच्या मागणीचा आहे. त्यांना एकजुटीने चुकायला सांगा."

'लोकमागणीनुसार नवी दालने' या योजनेखाली दोन्ही पाने तयार झाली. वायरमनने लेखी हरकत घेतली. तिला आवक क्रमांक मिळाला. मॅडमनी सभागृहात पडदा बाजूला सारून पानांचे उद्घाटन केले. 'पासवर्डांची यादी' या पानावर काय ठेवावे यावर थोडी चर्चा झाली, पण नावाप्रमाणे मजकूर असावा असे ठरले.

नागरिक तत्परतेने आले. टाळ्या संपून सभागृहातली माणसे चहाच्या टेबलापर्यंत पोचेतो संकेतस्थळ त्यांच्या ताब्यात गेले होते.

ते कार्यालयाला नऊ दिवस कळले नाही, कारण संकेतस्थळ चालू लागले होते. पाने झटकन उघडत. आवाज पुन्हा नोंदणीच्या पानावर आला होता आणि रिकाम्या तारखा संकेतस्थळच आपोआप देत होते. 'समाधानी'चे बटण गेले होते. एका कोपऱ्यात पोट कमी करण्याच्या पावडरची जाहिरात तेवढी लुकलुकत होती. मॅडमना वाटले, ती आरोग्य खात्याची असेल.

वायरमनला मात्र दुसऱ्याच दिवशी कळले. त्याने कपाट उघडले, खोळ बाजूला केली, सर्व्हरची मांडणी उघडली आणि बघतच राहिला. त्यात त्याच्या तीन ओळी होत्या. हुबेहूब त्याच्या. शिवाय एक चौथी ओळ होती, जी दोनदा उमटलेले अक्षरही माफ करत होती. ती त्यालाही सुचली नव्हती. पत्ता कसाही टाका, माणूस बरोबर पानावर पोचत होता. चोरांना एकही गिऱ्हाईक दारातून परत जाऊ द्यायचे नव्हते. पत्ता चुकलेला माणूस त्यांच्या लेखी आवक नव्हता, माणूस होता. पावडर घेऊ शकेल असा.

त्याने खोळ पुन्हा नीट घातली, चौदाही काजे हवेच्या बाजूला येतील अशी. अहवाल त्याने नवव्या दिवशी दिला. मधले सात दिवस तो 'तपासणी करत होता'. इतक्या वर्षांत कार्यालयाने त्यालाही काहीतरी शिकवले होतेच.

त्या सात दिवसांतल्या तिसऱ्या दिवशी आत्याने तिसाव्यांदा पत्ता टाकला, तिसाव्यांदा चुकीचा. पान उघडले. आवाज म्हणाला, 'आपले नाव सांगा.' आत्याने सांगितले. वायरमन खुर्चीच्या पाठीला घट्ट धरून उभा होता. आवाज म्हणाला, 'गुरुवार, सकाळी नऊ. उपाशीपोटी या.'

"हा कसला नंबर?" आत्याने विचारले.

"डोळ्याचा."

"नक्की? नाहीतर पुन्हा कसल्यातरी चुकीचा निघेल."

"नक्की, आत्या. गुरुवार."

नऊ दिवसांत चार हजार तीनशे सोळा जणांची नोंदणी झाली. कार्यालयाच्या आधीच्या चार वर्षांत कुठल्याच नऊ दिवसांत इतकी झाली नव्हती. चोरांनी अर्थातच सगळ्यांचे फोन क्रमांक उचलले आणि पावडर विकायला फोन केले. बहुतेकांनी फोनवरच्या बाईचे मनापासून आभार मानले. त्यांना वाटले, कार्यालयातून कुणीतरी चौकशी करते आहे.

अहवाल आल्यावर कार्यालय खडबडून जागे झाले. बाहेरच्या तज्ज्ञांनी चोरांना हाकलले, संकेतस्थळ पूर्वस्थितीत आणले, म्हणजे बंद पाडले, आणि त्या चार ओळी 'परकीय' म्हणून पुसून टाकल्या. 'समाधानी'चे बटण सन्मानाने परत आले. उरला प्रश्न चार हजार तीनशे सोळा तारखांचा.

"या माणसांनी चुकीचा पत्ता टाकला आणि तरीही ती बरोबर ठिकाणी पोचली," परिशिष्ट म्हणाले. "हे उघड नियमबाह्य आहे. रद्द करावं लागेल."

"पण आपण लेखी 'नाही' म्हणत नाही," मॅडम म्हणाल्या.

"आपण कशाला म्हणायचं? जनतेला विचारू."

जनतेला विचारण्यात आले. दोन दिवस, कुठल्याही सरकारी पानावर जा, बसचा पास काढा, वीजबिल बघा, मुलीचा निकाल बघा, आधी एक चौकट समोर येई. तीत सोळा ओळींचा मजकूर होता. पंधराव्या ओळीत लिहिले होते, 'सदर नोंदण्या रद्द करण्यास माझी हरकत नाही.' खाली एकच बटण होते, कारण दुसऱ्यासाठी टेबल अजूनही मंजूर नव्हते. नऊ लाख बारा हजार लोकांनी ते दाबले. सरासरी वेळ लागला पाऊण सेकंद. विरोधात एकही मत पडले नाही.

बुधवारी दुपारी आत्याची पिशवी दाराजवळ भरून ठेवलेली होती. त्यात टॉवेल, दोन कपडे आणि दवाखान्यात बसून करायला सहा शर्ट होते. वायरमन सुट्टी टाकून घरी आला होता.

"रद्द झालं, आत्या."

"कुणी केलं?"

"लोकांनी. मतं घेतली."

"कुठल्या लोकांनी? माझं काय वाकडं केलं त्यांनी... मी काय वाकडं केलं त्यांचं?"

"काही नाही. त्यांना बसचा पास काढायचा होता."

आत्याने पिशवी चाचपली. मग म्हणाली, "तू?"

सोमवारी वायरमनलाही वीजबिल बघायचे होते.

आत्याने पिशवी उघडली, सहा शर्ट बाहेर काढले आणि दिवा लावायला सांगितला. दुपारचे अडीच वाजले होते, खिडकी सताड उघडी होती.

डॉक्टरांनी दिलेले तीन महिने त्यानंतर अकरा दिवसांनी संपले. परिशिष्ट वेळेत बढती घेऊन निवृत्त झाले. ज्या नऊ दिवसांत संकेतस्थळ चालू होते, त्या नऊ दिवसांच्या आकड्यांवर मॅडमना उत्कृष्ट जनसेवेचे मानपत्र मिळाले. ते सर्व्हरच्या कपाटावर लावले आहे, टेबलफॅनच्या वाऱ्याने हलते.

आत्या अजूनही काजे करते, आता बोटांच्या अंदाजाने. तीन दुकानांतली दोन तिच्याकडे कापडे पाठवायची थांबली. तिसऱ्याचे शर्ट स्वस्त असतात, त्याचे चालते. काज कधी दोन दोरे वर जाते, कधी तिरके पडते. तुमच्या अंगातल्या शर्टाचे वरून दुसरे काज जरा चाचपून बघा. बटण अडते आहे? सकाळी घाईत तुम्ही शिंप्याला शिव्या घातल्यात, ते त्याच्या हातचे नाही. तुम्हाला आठवत नसेल, पण त्या सोमवारी तुम्हीही काहीतरी बघायला गेला होतात, आणि मध्येच एक चौकट आली होती.

तक्रार करायची असेल तर सोय आहे. पत्ता तेवढा नीट बघून टाका. तुम्हाला अजून दिसते आहे.